बंगला आहे, पण रात्री उठणार कोण?

प्रश्न: ताई, आम्ही दोघं नवरा-बायको आयटीत आहोत, वय ४४ आणि ४१. तळेगाव दाभाड्याला आईवडिलांचा दुमजली बंगला आहे, सहा बेडरूमचा, सध्या बंद. माझे सासरे शेवटचे १४ महिने एका केअर होममध्ये होते, तिथे त्यांचे हाल झाले. तेव्हापासून डोक्यात आहे की आपणच चांगलं असिस्टेड लिव्हिंग होम, म्हणजे रोजच्या कामांना आधार लागणाऱ्या ज्येष्ठांसाठीचं घर, काढावं. १२ बेड, महिना ४०,००० रुपये, एक मॅनेजर ठेवायचा आणि आम्ही वीकएंडला लक्ष द्यायचं. वाकडचा फ्लॅट तारण ठेवून ६० लाखांचं कर्ज काढायचा विचार आहे, अमेरिकेतले दोन मित्र १२ टक्क्यांनी पैसे टाकायला तयार आहेत. अमेरिकेतल्या अशा होम्सचे ऑनलाईन कोर्सही बघितलेत. एक्सेल शीट सोबत जोडतोय. करावं का? आणि कुठली लायसन्स लागतात?
– एक वाचक, वाकड

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एक्सेल नंतर उघडलं, आधी ते वाक्य वाचत बसले ज्यात तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांना हॉस्पिटलला हलवलं तेव्हा पाठीला तळहाताएवढी जखम दिसली आणि तोवर तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मी गेली बारा-तेरा वर्षं चौदा बेडचं घर चालवते, अशा जखमा घेऊन आलेली माणसं माझ्याकडे आलीयेत, त्यामुळे ते वाक्य मला काय सांगतंय ते चांगलं कळतं. म्हणून जरा लांबलचक लिहिणारे.

आधी उत्तर सांगून टाकते. फ्लॅट तारण ठेवू नका. मित्रांचे पैसे घेऊ नका. वीकएंडला लक्ष देऊन हे होत नाही. होम काढूच नका असं मात्र मी म्हणत नाहीये, उलट तुमच्यासारख्या माणसांनी काढावं असंच मला वाटतं, फक्त जे तुम्ही एक्सेलमध्ये लिहिलंय ते नाही, वेगळं काढा.

ते अमेरिकेचे कोर्स. त्यात शिकवतात ती कल्पना तिथे खरी आहे, म्हणजे साध्या वस्तीतलं घर घ्यायचं, त्यात सहा-दहा म्हातारी माणसं ठेवायची. पण तिथे त्याच्यामागे काय उभं आहे ते बघा. कॅलिफोर्नियात सहा किंवा कमी माणसांच्या अशा घराला कायद्याने राहत्या घरासारखंच धरतात, त्यामुळे इथे धंदा चालतो म्हणून झोनिंगच्या (कुठल्या वस्तीत काय चालेल या नियमांच्या) नावाने अडवता येत नाही, पण त्याच्या बदल्यात राज्याचं लायसन्स लागतं, घर चालवणाऱ्याला ८० तासांचं ट्रेनिंग घेऊन परीक्षा द्यावी लागते, काम करणाऱ्या प्रत्येकाचे बोटांचे ठसे तपासले जातात आणि इन्स्पेक्टर न सांगता दारात येतो. तिथला दर हजारो डॉलरमध्ये असतो आणि घर घेताना सगळा हिशेब प्रॉपर्टीचा असतो. तो हिशेब तळेगावला उचलून आणला की फसतो, कारण आपल्याकडे बंगला ही यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे, तुमच्याकडे तर तो आहेच. महाग आहे ती रात्र.

तुमच्या एक्सेलमध्ये पाच मावश्या, म्हणजे आजी-आजोबांचं सगळं करणाऱ्या बायका, धरल्यात, बारा-बारा तासांच्या दोन शिफ्ट. हे बहुतेक ठिकाणी चालतं हे मला माहितीये, पण कायद्याने आठवड्याला ४८ तास हीच मर्यादा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी बारा तासांनंतर पहाटे चारला माणूस उठवायला गेलेल्या बाईच्या अंगात काही उरलेलं नसतं. साधा हिशेब करा. एका जागेवर २४ तास कोणीतरी हवं, म्हणजे आठ तासांच्या तीन शिफ्ट, आठवड्याच्या २१, एक बाई आठवड्याला सहा करणार, म्हणजे एका जागेसाठी साडेतीन बायका. बारा माणसांच्या घरात कुठल्याही क्षणी किमान दोघी जाग्या पाहिजेत कारण पडलेल्या किंवा जड माणसाला एकटीने उचलता येत नाही. म्हणजे सात झाल्या. सकाळी आंघोळी, डायपर, नाश्ता, गोळ्या हे सगळं एकाच वेळी येतं त्याला अजून दोघी. नऊ. स्वयंपाकाला एक, तिच्या हाताखाली एक, झाडूफरशीला एक, दिवसा एक शिकलेली सिस्टर, आणि तुमचा मॅनेजर. चौदा माणसं, बारा आजी-आजोबांसाठी. पहिल्यांदा हे कागदावर मांडलं तेव्हा मलाही चुकल्यासारखं वाटलं होतं, पण चुकलेलं नाहीये.

आता पैसे. मावशीला १७,००० धरा, नऊ जणींचे १,५३,०००. स्वयंपाकीण १८,०००, मदतनीस आणि सफाई १४,००० प्रमाणे २८,०००, सिस्टर २५,०००, मॅनेजर ३०,०००. झाले २,५४,०००. ईएसआय (कामगार विमा), बोनस, रजेवरच्या बदली बायका हे सगळं धरून २,७५,००० च्या खाली येत नाही. जेवणखाण, स्टाफच्या जेवणासकट, ७०,०००. लाईट, गॅस, उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर, इंटरनेट ३०,०००. धुणं, फिनेल, मोडतोड दुरुस्ती २५,०००. डॉक्टरांच्या व्हिजिट १२,०००. एकूण ४,१२,०००. तुमचे बाराच्या बारा बेड भरले तर येणार ४,८०,०००, उरले ६८,०००. आणि ६० लाखांचा हप्ता, साडेनऊ टक्के आणि १५ वर्षं धरली तर, ६२,६०० च्या आसपास. म्हणजे सगळं घर भरलेलं असताना, कोणी एक महिना पैसे थकवले नाहीत, कोणी गेलं नाही, लिफ्ट बिघडली नाही, तर तुमच्या हातात पाच-साडेपाच हजार. तीन बेड रिकामे असले तर महिन्याला लाखभर खिशातून घालायचे. आणि सुरुवातीला बेड रिकामेच असतात, माझे चौदा भरायला दोन वर्षं लागली, कारण लोक आईवडिलांना जाहिरात बघून पाठवत नाहीत, ओळखीतल्या कोणीतरी चांगलं सांगितलं की पाठवतात, आणि ते सांगणारं माणूस तयार व्हायला वेळ लागतो. हे दर माझ्या भागातले आणि माझ्या वहीतले आहेत, तुमच्याकडे हजार-दोन हजार इकडेतिकडे होतील, पण चित्र बदलणार नाही. जिथे या धंद्यात महिन्याला दोन लाख सुटतात असं कोणी सांगतं, तिथे मी पहिल्यांदा विचारते की रात्री किती जणी असतात. उत्तर बहुतेक वेळा एक असं येतं.

एकीचं काय होतं ते सांगते, कारण ते माझ्याच घरात झालंय. तिसरं वर्ष असेल, मे महिना, माझ्या दोन मावश्या गावच्या जत्रेला गेलेल्या, एकीच्या घरी लग्न, म्हणून ब्युरोकडून, म्हणजे बायका पुरवणाऱ्या एजन्सीकडून, दोन बायका मागवल्या. दहाला एकच आली. ब्युरोवाले म्हणाले दुसरी रस्त्यात आहे. मी अकरापर्यंत थांबले आणि घरी गेले, कारण मलाही सकाळी सहाला परत यायचं होतं. ती दुसरी आलीच नाही. पहाटे तीनला एक आजी बाथरूमला एकट्या उठल्या, हाक मारली असणार पण मावशी दुसऱ्या खोलीत एका आजोबांची चादर बदलत होती. आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि त्या परत चालल्या नाहीत. मुलगा मला काही बोलला नाही. मी घरी जायला नको होतं. त्या दिवसापासून नियम केलाय की रात्री दुसरी बाई आत आल्याशिवाय मी किंवा सिस्टर, कोणीतरी एक, गेट ओलांडत नाही, मग एक वाजो की दोन.

तुमच्या सासऱ्यांची पाठसुद्धा रात्रीच गेली असणार बघा. बेडसोर हा घाणीमुळे होतो असं लोकांना वाटतं, तर ओलेपणामुळे वाढतो हे खरं, पण मूळ कारण दाब. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर सतत शरीराचं वजन पडतं, तिथलं रक्त थांबतं आणि कातडी आतून मरायला लागते. उपाय काय, तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसा हे होतं, सगळे जागे असतात, कोणी ना कोणी येऊन बघतं. रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा, या पाच वेळा कोणीतरी उठून, त्या माणसाला हळुवार वळवून, मागे उशी लावून, टाचेखाली घडी ठेवून, डायपर ओला आहे का बघून, परत पांघरूण घालायचं. असे चार जण असतील तर रात्रीतून वीस वेळा. एअर बेडने मदत होते पण एअर बेड कूस बदलत नाही. मी भिंतीवर तक्ता लावलाय, वेळ, कुठली कूस, सही. आणि सकाळी आंघोळीच्या वेळी सिस्टर पाठ बघते, लालसर चट्टा बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल तर त्याच दिवशी घरच्यांना फोन. तुम्हाला तो फोन आला नाही, तो यायलाच हवा होता.

म्हणून मावशी. सगळं घर या बायकांवर उभं आहे, आणि आपण सगळ्यात कमी विचार त्यांचाच करतो. ब्युरोवरून बाई घेतली तर तुम्ही देता त्यातला बराच भाग ब्युरो ठेवून घेतो आणि बाई महिन्याभरात बदलते, विसरभोळ्या आजीला रोज नवीन चेहरा म्हणजे रोज नवीन भीती. स्वतःच्या पगारावर ठेवा. त्यांना झोपायला खोली द्या, कपाटाला कुलूप द्या, आठवड्याची सुट्टी खरंच द्या. रात्रपाळीला बायका ठेवायच्या तर कायद्याने त्यांची लेखी संमती, सुरक्षितता आणि येण्याजाण्याची सोय बघावी लागते, ते तसंही बघायलाच हवं. जत्रा, गौरी-गणपती, दिवाळी आणि लग्नसराई हे तुमचे वर्षातले चार कठीण काळ, त्यांची रजेची वही जानेवारीतच लिहून घ्या. माझ्याकडच्या एका मावशीला अकरा वर्षं झाली, तिला लिहिता येत नाही, पण कुठल्या आजोबांनी आज नेहमीपेक्षा अर्धी भाकरी कमी खाल्ली हे ती न विचारता सांगते, आणि तीन वेळा त्याच्यावरून आम्हाला लघवीचं इन्फेक्शन वेळेत सापडलंय. कारण म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शनमध्ये ताप येईलच असं नाही, ते आधी गप्प होतं किंवा एकदम बरळायला लागतं. हे कुठल्या ॲपमध्ये येत नाही हो.

आता तुमचा लायसन्सचा प्रश्न. सरळ उत्तर असं की असिस्टेड लिव्हिंग होम या नावाचं एक खिडकीवरचं लायसन्स आपल्याकडे नाही. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, त्यात सरकारने निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्यात वृद्धाश्रम काढावेत असं आहे, पण खाजगी होमची नोंदणी कशी करायची ते त्यात येत नाही. खाजगी होम्सची नोंदणी आणि किमान दर्जा आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, त्याचा कायदा झालाच नाही. म्हणून लोकांना वाटतं की काहीच लागत नाही, बोर्ड लावला की झालं. तसं नाहीये.

महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणीचा १९४९ चा कायदा काढून वाचा. आजारी, जखमी किंवा अशक्त माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करायची जागा म्हणजे नर्सिंग होम, अशी त्याची व्याख्या आहे. तो अशक्त हा शब्द नीट बघा. आजी चालती-फिरती आहे, जेवणखाण आणि आधार एवढंच देताय, तोवर तुम्ही बाहेर आहात असं म्हणता येईल. पण सलाईन लावायला लागलात, नाकातल्या नळीने भरवणारी माणसं घ्यायला लागलात, ऑक्सिजन ठेवलात, की तुम्ही त्या व्याख्येच्या आत आहात आणि मग नोंदणी, शिकलेला नर्सिंग स्टाफ सगळं आलं. त्यामुळे उघडायच्या आधीच ठरवा की कोणाला घेणार आणि कोणाला नाही म्हणणार, आणि ते कागदावर लिहा. नाही म्हणणं फार जड जातं. समोर मुलगी रडत असते, हॉस्पिटलने डिस्चार्ज दिलेला असतो, बेड रिकामा असतो आणि तुमचा हप्ता आलेला असतो. कर्ज नको म्हणतेय त्याचं खरं कारण हे आहे, हप्ता डोक्यावर असला की माणूस झेपत नाही त्यालाही हो म्हणतो.

डिमेन्शियाची माणसं घेणार असाल, आणि ती येणारच, कारण देशभरातल्या मोठ्या पाहणीवर आधारलेल्या अभ्यासात ६० च्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज निघाला, म्हणजे ८८ लाख माणसं, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ वाचा. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि भान यांचा बिघाडही आहे, आणि अशा लोकांना ठेवून काळजी घेणाऱ्या जागेला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. तुमच्या होमला ती लागू होते का हे वकिलाकडून लेखी घ्या. आणि नोंदणी लागो न लागो, हात बांधणं नाही. रात्री उठून पळतात म्हणून पलंगाला ओढणीने हात बांधलेले मी स्वतः पाहिलेत, बांधणाऱ्या बाईला दोष देऊन उपयोग नाही, ती एकटी होती. परत रात्रीवरच आलो आपण.

बाकीचं भराभर सांगते. नगर परिषदेत लेखी अर्ज देऊन विचारा की राहत्या बंगल्यात हा वापर चालेल का, तोंडी चालतंय की वर विश्वास ठेवू नका. सोसायटीचा प्लॉट असेल तर सोसायटीची परवानगी, आणि शेजाऱ्यांना आधीच चहाला बोलवा, कारण ॲम्ब्युलन्स रात्री येणार आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत वृद्ध आणि दुर्बलांची निवासस्थानं ही साध्या घरात न धरता संस्थात्मक इमारतीत धरली आहेत, त्यामुळे आगीचे नियम कडक, महाराष्ट्रात २००६ चा फायर कायदा, आणि बसवलेली यंत्रणा चालू आहे असं लायसन्सधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी-जुलैला. दुकाने आस्थापना कायद्याखाली किती माणसं कामाला आहेत त्याप्रमाणे नोंदणी किंवा लेखी सूचना, दहा झाली की ईएसआय, वीस झाली की पीएफ. स्वयंपाकघराला अन्न सुरक्षेची नोंदणी. इन्सुलिनच्या सुया आणि ड्रेसिंगचा कचरा घंटागाडीत जाता कामा नये, जैव-वैद्यकीय कचरा उचलणाऱ्या केंद्राशी करार करा. जीएसटीत वृद्धाश्रमाला माफी आहे असं कोणीतरी तुम्हाला सांगेल, ती माफी सरकारी किंवा आयकरात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थांना आणि माणशी महिना २५,००० पर्यंतच्या शुल्काला आहे, तुमच्या एलएलपीला (खाजगी मर्यादित भागीदारीला) आणि ४०,००० ला नाही. तुमची उलाढाल २० लाखांच्या वर जाणार, तेव्हा सीएकडे हे आधी बसून बघा, एक्सेलमध्ये जीएसटीचा रकानाच नाहीये.

मित्रांच्या १२ टक्क्यांबद्दल. ठराविक परतावा देतो म्हणून नातेवाईक नसलेल्यांकडून पैसे घेणं हे अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या कायद्यात अडकू शकतं, वर ते परदेशातले पैसे म्हणजे फेमा, परकीय चलनाचा कायदा. त्यांना भागीदार म्हणून नफ्यातोट्यात घ्यायचं असेल तर वकिलाकडून रीतसर करून घ्या. पण मला त्याहून जास्त काळजी ही वाटते की १२ टक्के द्यायचे म्हणून तुम्ही पहिल्यांदा कुठे हात आखडता घ्याल. भाजीत? डायपर दिवसाला चारऐवजी तीन? की रात्रीची दुसरी बाई? आणि आजी-आजोबांकडून घेतलेलं डिपॉझिट, दोन-दोन लाख म्हणजे बारा जणांचे २४ लाख, ते बांधकामात घालायचं तुमच्या शीटमध्ये दिसतंय, तेवढं तरी आजच काढून टाका. ते पैसे त्यांचे आहेत, वेगळ्या खात्यात ठेवा, माणूस गेलं की महिन्याच्या आत घरच्यांना परत करता आलं पाहिजे.

माणूस गेलं की, हे मी मुद्दाम लिहिलं. या घरातून बहुतेक जण बरे होऊन जात नाहीत. ॲडमिशनच्या दिवशीच शेवटचं बोलून घ्यायला शिका, पहिल्या वर्षी मला जमायचं नाही, जीभ अडायची. हॉस्पिटलला न्यायचं का, कुठल्या, व्हेंटिलेटर हवा का, हे शक्य तिथे स्वतः आजोबांना विचारा, मुलाला नाही. आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला सुप्रीम कोर्टाने २०१८ साली मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं केलं, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर होतं. मुलगा न्यू जर्सीला असेल तर पुण्यात रात्री दोनला फोन उचलेल असं एक माणूस लिहून घ्या. जवळच्या एका डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा जे रात्री येऊन तपासतील आणि मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट देतील, नाहीतर पहाटे चारला नातेवाईक, मृतदेह आणि तुम्ही, आणि सही करायला कोणी नाही. अशा संस्थेत मृत्यू झाला तर २१ दिवसांत नोंद कळवायची जबाबदारी चालवणाऱ्याची असते. मुलं पैसे थकवतात, सगळी नाही, पण थकवतात, आणि क्वचित कोणी फोनच उचलायचं बंद करतं. ज्येष्ठाला असं टाकून देणं हा २००७ च्या कायद्यात गुन्हा आहे, पण आजीला रात्रीचं जेवण तर तुम्हालाच द्यायचंय, तेवढी शिल्लक बाजूला ठेवा.

मग करायचं काय. वरचा मजला विसरा. आग लागली किंवा नुसता लाईट गेला तर वॉकरवाल्या माणसाला जिन्यावरून कोण खाली आणणार? तळमजल्याच्या तीन खोल्या आणि हॉलचा मागचा भाग, यात सात माणसं नीट राहतात. वरती स्टाफची खोली, भांडार, आणि तुमची खोली. हो, तुमची. तुमच्यातल्या एकाने नोकरी सोडून मॅनेजर व्हायचं, दुसऱ्याचा पगार घरात येत राहू दे. सात जणांचे ४०,००० प्रमाणे २,८०,००० येतील, दिवसा दोघी आणि रात्री एक जागी अशा सहा मावश्या, स्वयंपाकीण, सफाई, अर्धवेळ सिस्टर आणि बाकी खर्च धरून माझ्या हिशेबाने २,४४,००० जातात, ३६,००० उरतात, आणि रात्रीची दुसरी हाकेवर उठणारी व्यक्ती म्हणजे तुम्ही. हा पगार तुमच्या आयटीच्या पगारापुढे काहीच नाही, मला कळतं. रॅम्प, तीन बाथरूम, पलंग, इन्व्हर्टर, फायर मिळून १२-१४ लाख लागतील, ते साठवलेल्यातून घाला. एवढे सहज जात नसतील तर अजून दोन वर्षं थांबा, बंगला कुठे पळून जात नाही.

आणि त्याच्याही आधी डे केअर सुरू करा. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, चार-पाच आजी-आजोबा, रात्र नाही. तळेगाव-सोमाटण्याकडे अशी कितीतरी घरं आहेत जिथे सून नोकरीला जाते आणि सासूबाई दिवसभर एकट्या. सहा महिने ते केलंत की मावश्या कळतील, डॉक्टर कळतील, तुम्हाला स्वतःला हे झेपतं का ते कळेल, आणि पुढे राहायला येणारी माणसं त्यातूनच येतील. मग पंधरा दिवसांचा मुक्काम सुरू करा, घरचे गावाला किंवा अमेरिकेला जातात तेव्हा. मग कायमचे. दर सगळ्यांना एक ठेवू नका, चालणारे, आधार लागणारे आणि अंथरुणावरचे असे तीन करा, आणि अंथरुणावरचे सातात दोनच्या वर नकोत.

तुमच्या मिसेसनी पत्राच्या खाली वेगळ्या अक्षरात लिहिलंय की बाबांच्या वेळी आम्हाला काहीच करता आलं नाही. त्यांना सांगा की ती जखम बघून ज्याला इतकं लागलं तो माणूस प्रत्येकाची पाठ रोज सकाळी स्वतः बघेल, आणि मला होम चालवणाऱ्यात तेच एक हवं असतं. पुढच्या महिन्यात दोघांनी एक-एक आठवडा रजा टाका आणि माझ्याकडे नाईटला या, रात्री नऊ ते सकाळी सात. जेवून या, चप्पल न वाजणारी आणा. दोनच्या फेरीला एकदा माझ्या मावशीबरोबर कूस बदलून बघा, मग एक्सेल परत उघडू.

ता.क. बंगल्याच्या बाथरूमची दारं आत उघडतात असं फोटोत दिसतंय. आत पडलेलं माणूस दाराला अडकतं आणि दार उघडत नाही. डे केअर करा किंवा नका करू, तुमची आई सुट्टीत तिथे राहायला जाते म्हणालात ना, तर ती दारं या आठवड्यात बाहेर उघडणारी करून घ्या आणि कडी बाहेरूनही काढता येईल अशी बसवा.